कथा : ऐकलेली, वाचलेली आणि खेळलेली

कुरुक्षेत्रावरील युद्धाचा पंधरावा दिवस होता. द्रोणाचार्यांच्या बाणवर्षावापुढे पांडवांच्या सेनेची वाताहत होत चालली होती. इतक्यात अश्वत्थामा पडला, अशी हाकाटी सर्वत्र उठली. वस्तुतः भीमाने मारला होता तो त्या नावाचा एक हत्ती. परंतु पुत्राचे नाव कानी पडताच वृद्ध पित्याचे हृदय हादरले. खरे काय ते विचारण्यासाठी द्रोणाचार्य शत्रुपक्षातील एकाच पुरुषाकडे वळले. तो पुरुष म्हणजे धर्मराज. हा प्राण गेला तरी असत्य बोलणार नाही, अशी त्यांची खात्री होती. धर्मराजाने होकार दिला आणि हत्तीविषयीचा शब्द तेवढा कोणाला ऐकू जाणार नाही, अशा स्वरात उच्चारला. द्रोणांनी शस्त्र खाली ठेवले. धर्मराजाचा जो रथ आजवर भूमीपासून चार अंगुळे वर चालत असे, तो त्या क्षणी खाली टेकला.

शतकानुशतके ही कथा सांगितली जात आहे. देवळातील कीर्तनात, गावच्या पारावर, घरच्या ओसरीवर ज्याने ज्याने ती ऐकली, त्याला त्याला क्षणभर असे वाटले असेल, की धर्मराजाने या वेळी तरी पूर्ण सत्य सांगावे. परंतु धर्मराज तसे कधीच करीत नाही. कथा ठरलेली आहे. श्रोता हळहळू शकतो, रागावू शकतो, डोळे पुसू शकतो. मात्र तो त्या रथावर चढून धर्मराजाचा हात धरू शकत नाही.

आता अशी कल्पना करावी, की द्रोणाचार्यांनी प्रश्न विचारला आणि नेमक्या त्याच वेळी कथेकरी थांबला. त्याने श्रोत्याकडे वळून म्हटले, "आता धर्मराज तूच आहेस. उत्तर तुलाच द्यावयाचे आहे." श्रोत्यांच्या मनाची काय अवस्था होईल? खरे बोलावे, तर आपले सैन्य मरते. खोटे बोलावे, तर गुरूचा घात होतो. क्षणापूर्वी धर्मराजाला दोष देणारा तो श्रोता आता स्वतःच घुटमळू लागेल.

ऐकलेली किंवा वाचलेली कथा आणि खेळलेली कथा यांतील मुख्य भेद तो हाच.

खेळातून काही अर्थ सांगावा, ही कल्पना नवीन नाही. सापशिडीचा खेळ सर्वांच्या परिचयाचा आहे. त्याचे जुने रूप म्हणजे मोक्षपट. मोक्षपटाच्या घरांवर सद्गुणांची व दुर्गुणांची नावे लिहिलेली असत. सद्गुणाच्या घरातून शिडी वर जाई, दुर्गुणाच्या घरातून साप खाली ओढी, आणि सर्वांत वरच्या ठिकाणी मोक्ष असे. खेळता खेळता मुलांच्या मनावर नीतीचे संस्कार व्हावेत, हा त्यामागील हेतू. तथापि त्या खेळात एक उणीव होती. खेळणाऱ्याने दया केली म्हणून त्याला शिडी मिळत नसे आणि लोभ धरला म्हणून त्याला साप गिळत नसे. जे काही घडे, ते दान कसे पडेल त्यावर अवलंबून असे. चांगले वा वाईट करण्याची संधीच खेळणाऱ्याला नव्हती.

ही संधी संगणकामुळे प्राप्त झाली. संगणकाच्या किंवा दूरचित्रवाणीच्या पडद्यावर जे खेळ खेळतात, त्यांना 'व्हिडिओ गेम' असे म्हणतात. अशा खेळात संगणक खेळणाऱ्याच्या प्रत्येक कृतीची नोंद ठेवतो आणि खेळ रचणाऱ्याने आधी ठरविलेल्या नियमांना अनुसरून त्या कृतीचे फळ त्याच्यापुढे मांडतो. डावीकडे वळल्यास एक दृश्य, उजवीकडे वळल्यास दुसरे. मदत केल्यास एक परिणाम, पाठ फिरविल्यास दुसरा. दैवाच्या दानाऐवजी येथे खेळणाऱ्याचा निर्णय आला.

आरंभीच्या काळात मात्र या खेळांत कथा नावापुरतीच असे. जपानमध्ये १९७८ साली निघालेल्या 'स्पेस इन्व्हेडर्स' या प्रसिद्ध खेळात आकाशातून शत्रूंच्या रांगा खाली उतरत आणि खेळणाऱ्याने त्यांच्यावर गोळ्या झाडावयाच्या, एवढाच प्रकार होता. शत्रू कोण, ते कोठून आले, त्यांना काय हवे होते, याची चौकशी कोणी करीत नसे. आट्यापाट्या खेळताना पाटी धरणाऱ्याची जन्मकथा कोणी विचारत नाही, तसेच हे होते.

परंतु त्याच सुमारास अमेरिकेत एका निराळ्या खेळाचा जन्म झाला होता. विल क्राउथर नावाचा एक संगणकतज्ज्ञ गुहांच्या शोधाचा नादी होता. केंटकी राज्यात मॅमथ केव्ह नावाची अतिशय लांब गुहा आहे. तिच्यातील अंधाऱ्या वाटा त्याने पायांखाली घातल्या होत्या आणि तिचे नकाशे काढण्याच्या कामात भाग घेतला होता. पुढे त्याचा संसार मोडला. त्याच्या दोन लहान मुली त्याच्यापासून दूर राहू लागल्या. त्या भेटावयास येत तेव्हा त्यांना आनंद वाटावा, म्हणून त्याने १९७५-७६ च्या सुमारास संगणकावर एक खेळ रचला. त्यात चित्र एकही नव्हते. पडद्यावर शब्द उमटत. समोर काय आहे, वाट कोणत्या दिशेस जाते, जमिनीवर कोणती वस्तू पडली आहे, याचे वर्णन येई. मग खेळणाऱ्याने एकदोन शब्दांत आपली आज्ञा लिहावयाची. दिवा उचलावयाचा, उत्तरेस जावयाचे, दार उघडावयाचे. संगणक पुढचे वर्णन दाखवी. १९७७ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील डॉन वुड्स याने क्राउथरच्या अनुमतीने त्या खेळात मोठी भर घातली आणि तो दूरदूरच्या संगणकांवर पसरला. 'कोलोसल केव्ह ॲडव्हेंचर' हे त्याचे नाव.

या खेळात मोठी कथा नाही. तरीही त्याचे महत्त्व फार आहे. आजीने गोष्ट सांगावी आणि नातवंडांनी मध्येच विचारावे, "मग त्याने दार उघडले का?" त्यावर आजीने हसून म्हणावे, "तू असतास तर उघडले असतेस का?" तसा हा संवाद होता. गोष्ट सांगणारा दूर होता आणि त्याच्या जागी यंत्र बोलत होते, एवढाच फरक. एका पित्याने आपल्या मुलींसाठी शब्दांची गुहा बांधली आणि तिच्यात हजारो अनोळखी माणसे दिवा घेऊन हिंडू लागली.

अशा शब्दमय खेळांपैकीच एक 'प्लॅनेटफॉल' हा होय. स्टीव्ह मेरेट्झ्की याने रचलेला हा खेळ १९८३ साली प्रसिद्ध झाला. अवकाशयानावरील एक हलक्या दर्जाचा नोकर अपघातातून वाचून एका ओसाड ग्रहावर येऊन पडतो. तेथे त्याला फ्लॉइड नावाचा एक यंत्रमानव भेटतो. फ्लॉइड लहान मुलासारखा आहे. तो मागे मागे येतो, खेळावयास चल म्हणून हट्ट धरतो, भलत्या वेळी भलतेच प्रश्न विचारतो. खेळणारा कधी हसतो, कधी त्रासतो. शेवटी एक वेळ अशी येते, की भयंकर प्राण्यांनी भरलेल्या एका खोलीतून एक वस्तू आणणे भाग पडते. फ्लॉइड आपण होऊन आत जातो. वस्तू घेऊन तो बाहेर येतो, परंतु त्याचे शरीर छिन्नविच्छिन्न झालेले असते. मित्राच्या हातांवर तो शेवटचा श्वास घेतो. पुढे त्याची दुरुस्ती होते हे खरे. पण त्या क्षणी हे कोणास ठाऊक असणार? पडद्यावर चित्र नव्हते, आवाज नव्हता, केवळ अक्षरे होती. तरी ती अक्षरे वाचताना कित्येकांच्या डोळ्यांतून पाणी आले.

यंत्रासाठी माणसे का रडली? उत्तर साधे आहे. फ्लॉइडविषयी त्यांना कोणी काही सांगितले नव्हते; त्यांनी त्याच्याबरोबर कित्येक तास घालविले होते. सहवासाने माया जडते, हा जगाचा नियम कथेतही खरा ठरला.

तथापि डोळ्यांत पाणी येणे एवढीच काही श्रेष्ठ साहित्याची कसोटी नव्हे. कांदा चिरतानाही डोळ्यांत पाणी येते. मोठा ग्रंथ त्याहून अधिक काही करतो. हरि नारायण आपटे यांची 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी १८९० च्या सुमारास 'करमणूक' या पत्रातून क्रमशः प्रसिद्ध होऊ लागली. यमुना नावाची एक मुलगी तीत आपली जीवनकथा स्वतः सांगते. तिचे बालपण, सासरचा जाच, पतीचे प्रेम, त्याचा मृत्यू आणि त्यानंतर विधवा म्हणून तिच्यावर ओढवलेली विटंबना हे सारे वाचक तिच्याच तोंडून ऐकतो. ज्या घरांत ही कादंबरी वाचली गेली, त्याच घरांत अशा यमुना वावरत होत्या. रोज समोर दिसणाऱ्या त्या मुलींच्या मनात काय चालले आहे, ते त्या घरांतील कर्त्या पुरुषांना ग्रंथ वाचून प्रथमच जाणवले असेल. दुसऱ्याच्या मनात शिरण्याचे हे सामर्थ्य साहित्याजवळ जेवढे आहे, तेवढे दुसऱ्या कोणत्याही कलेजवळ क्वचितच असेल. शिवाय यमुनेला वाचक वाचवू शकत नाही. हा असहायपणाच त्याला पुस्तक मिटल्यावर स्वस्थ बसू देत नाही. कथेतल्या यमुनेसाठी काही करता येत नाही, म्हणून तो आपल्या घरातल्या यमुनेकडे पाहू लागतो.

नेमक्या याच मुद्द्यावर रॉजर ईबर्ट या अमेरिकन समीक्षकाने व्हिडिओ खेळांवर आक्षेप घेतला होता. चित्रपटांवरील टीकालेखनासाठी १९७५ साली पुलित्झर पारितोषिक मिळविलेला हा विद्वान समीक्षक. त्याने २००५ साली असे मत मांडले, की खेळाची प्रकृतीच साहित्याच्या व चित्रपटाच्या उलट आहे. श्रेष्ठ लेखक वाचकाला हाताला धरून एका अटळ शेवटाकडे नेतो. खेळात मात्र निवड खेळणाऱ्याच्या हाती असते. धर्मराजाने काय बोलावे हे प्रत्येकाने आपल्या मर्जीप्रमाणे ठरविले, तर महाभारताला महाभारतपण कोठून येणार? २०१० साली त्याने आपले मत अधिक कठोर शब्दांत पुन्हा मांडले. त्यावर हजारो लोकांनी त्याच्याशी वाद घातला. त्याच वर्षी ईबर्टने मोकळेपणाने कबूल केले, की आपले मत बदललेले नसले, तरी जे खेळ आपण स्वतः खेळलो नाही, त्यांविषयी असा निर्णय जाहीर करावयास नको होता. त्याचा हा प्रांजळपणा वादापेक्षाही अधिक शिकवून जातो.

त्याचा आक्षेप मात्र पोकळ नव्हता. त्याचे उत्तर वादाने नव्हे, तर चांगल्या खेळांच्या परीक्षणानेच दिले पाहिजे.

फुमितो उएदा या जपानी कलावंताच्या मार्गदर्शनाखाली रचलेला 'शॅडो ऑफ द कोलोसस' हा खेळ २००५ साली प्रसिद्ध झाला. वाँडर नावाचा एक तरुण, मोनो नावाच्या मुलीचे निष्प्राण शरीर घोड्यावर घालून निषिद्ध प्रदेशातील एका पुरातन मंदिरात येतो. तेथे एक अदृश्य वाणी त्याला सांगते, की या प्रदेशातील सोळा महाकाय प्राण्यांचा वध केलास, तर ही मुलगी पुन्हा जिवंत होऊ शकेल. परंतु त्याची फार मोठी किंमत तुला मोजावी लागेल. वाँडर मागेपुढे पाहत नाही. तो निघतो आणि खेळणारा त्याच्याबरोबर निघतो.

हा प्रदेश विलक्षण शांत आहे. गाव नाही, माणूस नाही, किरकोळ शत्रूही नाहीत. ओसाड माळ, दऱ्या, तळी, आणि सोबतीला अॅग्रो नावाचा घोडा. तलवार उन्हात धरली, की तिच्यावरून परावर्तित होणारा प्रकाश महाकाय प्राण्याची दिशा दाखवितो. पहिल्या प्राण्याच्या अंगावर चढताना खेळणाऱ्याच्या मनात वीरश्री संचारते. डोंगराएवढे ते धूड कोसळले, की विजयाची नौबत झडेल, अशी त्याची अपेक्षा असते. परंतु तेथे वाजते ते शोकाचे संगीत. मृत प्राण्याच्या देहातून काळे धागे निघतात आणि वाँडरच्या शरीरात शिरतात. पुढचे काही प्राणी तर आपापल्या जागी स्वस्थ असतात. वाँडरने त्यांना डिवचल्याखेरीज ते अंगावर येत नाहीत. एकेका वधागणिक त्याचा चेहरा निस्तेज होत जातो. शेवटच्या प्राण्याकडे जाताना पूल कोसळतो. इमानी अॅग्रो धन्याला पलीकडे झोकून देतो आणि स्वतः दरीत पडतो.

येथे खेळणाऱ्याच्या मनात प्रश्न उभा राहतो: आपण हे काय करीत आहो? या प्राण्यांनी आपले काय बिघडविले होते? तरी तो थांबत नाही. कारण पुढे काय होते ते त्याला पाहावयाचे असते, आणि मुलीला वाचवावयाचे असते. अखेर ती वाणी वाँडरच्याच देहाचा ताबा घेते. त्याला एका कुंडाकडे ओढले जात असता त्याचे हातपाय अजून खेळणाऱ्याच्या ताब्यात असतात. तो कळा दाबतो, धडपडतो, पायऱ्या धरू पाहतो. परंतु सुटका नाही. मुलगी जागी होते. तिच्यासाठी सर्व काही गमावलेला वाँडर मात्र तिला पूर्वीच्या रूपात पुन्हा दिसत नाही.

हा शेवट अटळ आहे. खेळणारा कितीही कुशल असला तरी तो बदलत नाही. म्हणजे ईबर्टला जी गोष्ट खेळात अशक्य वाटली होती, ती येथे साधली आहे. शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ' नाटकातही एका वधामागून दुसरा वध करीत नायक आपल्या नाशाकडे चालत जातो. प्रेक्षक ते पाहतो आणि मनात म्हणतो, "याने हे कसे केले?" 'शॅडो ऑफ द कोलोसस' खेळणारा स्वतःलाच विचारतो, "मी हे कसे केले?" दोन्ही प्रश्न मोलाचे आहेत. पहिल्यातून मनुष्यस्वभावाचे ज्ञान होते, दुसऱ्यातून स्वतःच्या स्वभावाचे.

निवडीचे स्वातंत्र्य खरोखरच खेळणाऱ्याला दिले, तर काय होते, हे पाहण्यासाठी दुसरा एक खेळ घेता येईल. लुकास पोप या अमेरिकन रचनाकाराने प्रायः एकट्याने केलेला 'पेपर्स, प्लीज' हा खेळ २०१३ साली निघाला. त्यात लढाई नाही, की चमत्कार नाही. आर्स्टोट्झ्का नावाच्या एका काल्पनिक, कठोर राजवटीच्या देशाच्या सीमेवर खेळणारा तपासनीस आहे. वर्ष १९८२. समोर माणसांची रांग. प्रत्येकाचे पारपत्र तपासावयाचे, नाव, तारीख, छायाचित्र, शिक्का ताडून पाहावयाचा, आणि प्रवेशाचा किंवा नकाराचा ठसा मारावयाचा. जितकी माणसे तपासली, तितके वेतन. चुका वाढल्या, की दंड. घरी पत्नी, मुलगा, सासू आणि मामा आहेत. दिवसअखेर मिळालेल्या पैशांतून घरभाडे, अन्न, सरपण आणि औषध भागवावयाचे असते. पैसे कमी पडले, तर घरातील माणसे आजारी पडतात आणि मरतात.

एके दिवशी एक गृहस्थ येतो. त्याची कागदपत्रे निर्दोष आहेत. जाता जाता तो सांगतो, की मागे आपली पत्नी आहे, तिच्याशी दयेने वागा. पत्नी पुढे येते. तिच्याजवळ प्रवेशाचा परवाना नाही. परत पाठविल्यास आपल्याला मारून टाकतील, असे ती म्हणते. ठसा खेळणाऱ्याच्या हातात असतो. तिला आत सोडावे, तर नियम मोडतो, आणि ती चूक वरिष्ठांच्या नजरेतून सुटत नाही. दिवसाच्या चुकांत तिची भर पडते, आणि ज्याच्या घरी मुलगा तापाने फणफणला आहे, त्याला एक नाणेही गमावणे परवडणारे नसते. तिला परत पाठवावे, तर नियम पाळला जातो, वेतन मिळते, आणि ती बाई गर्दीत नाहीशी होते.

या खेळाचे शेवट वीस आहेत. म्हणून त्यात लेखकाचा हेतू हरवला आहे काय? मुळीच नाही. वाट कोणतीही निवडली, तरी एक सत्य सर्वत्र जाणवते: अन्यायाचे राज्य केवळ क्रूर माणसांच्या बळावर चालत नाही, आपल्या मुलाबाळांच्या काळजीने ठसे मारीत बसलेल्या साध्या माणसांच्या हातूनही ते चालते. हे सत्य एखाद्या कादंबरीत वाचले असते, तर वाचकाने त्या कारकुनाला दोष दिला असता. खेळात तो कारकून स्वतः वाचकच असतो.

जुन्या लोककथा नव्या पिढीपर्यंत पोहोचविण्याचे कार्यही काही खेळांनी केले आहे. अलास्कातील इन्यूपियाक लोकांमध्ये हिमवादळाचे मूळ शोधावयास निघालेल्या एका मुलाची पारंपरिक कथा आहे. रॉबर्ट नास्रुक क्लीव्हलंड या कथेकऱ्याने सांगितलेल्या त्या कथेवर २०१४ साली 'नेव्हर अलोन' हा खेळ रचण्यात आला. त्यासाठी त्या जमातीतील वडीलधाऱ्यांचे व कथेकऱ्यांचे साहाय्य घेण्यात आले. खेळात मुलाऐवजी नूना नावाची मुलगी आहे आणि तिच्या सोबतीला एक पांढरा कोल्हा आहे. कथेचे निवेदन इन्यूपियाक भाषेतच होते. थोडे लोक बोलत असलेली ती भाषा या खेळामुळे दूरदूरच्या देशांतील मुलांच्या कानांवर पडली.

पुण्यातही असा एक प्रयत्न झाला. तेथील एका छोट्या संस्थेने तयार केलेला 'राजी' हा खेळ २०२० साली प्रसिद्ध झाला. असुरांनी पळवून नेलेल्या गोलू या धाकट्या भावाच्या शोधार्थ राजी नावाची मुलगी निघते. दुर्गा आणि विष्णू यांच्या संवादातून तिची कथा उलगडत जाते, आणि मधले काही प्रसंग चामड्याच्या बाहुल्यांच्या छायानाट्यासारखे दाखविले आहेत. कोकणातील पिंगुळीच्या कलावंतांनी जतन केलेल्या चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ ज्यांनी पाहिला असेल, त्यांना हे रूप ओळखीचे वाटेल. पडद्यामागे दिवा आणि पडद्यावर कथा, ही रीत या भूमीला परकी नाही.

मग व्हिडिओ खेळ श्रेष्ठ साहित्याच्या पंक्तीला जाऊन बसले काय? अजून तसे म्हणता येत नाही. न्यूयॉर्क येथील आधुनिक कलेच्या संग्रहालयाने २०१२ साली चौदा खेळ आपल्या संग्रहात घेतले, हा त्यांचा गौरवच होय. परंतु असे निवडक खेळ थोडे. पुष्कळ खेळांत कथा ही भांड्यावरच्या कल्हईसारखी वरवरची असते. आत मारामारीशिवाय काही नसते. खेळणाऱ्याला पुनःपुन्हा खिळवून ठेवून त्याच्याकडून पैसे काढावेत, याच हेतूने रचलेले खेळही थोडे नाहीत. मनुष्याच्या मनातील सूक्ष्म आंदोलने शब्द जितक्या सहजतेने प्रकट करतात, तितक्या सहजतेने ती हालचालीतून प्रकट होत नाहीत. धावणे, चढणे, लढणे खेळात सोपे. लाजणे, पश्चात्ताप पावणे, क्षमा करणे अवघड.

आणखीही एक अडचण आहे. ज्ञानेश्वरी १२९० साली सिद्ध झाली. सातशेहून अधिक वर्षे लोटली तरी ती वाचावयास अक्षरओळख आणि दिव्याचा उजेड एवढे पुरे होते. खेळाचे तसे नाही. ज्या यंत्रासाठी तो रचला, ते यंत्र कालबाह्य झाले, की खेळही मुका होतो. खेळांच्या इतिहासाचे जतन करणाऱ्या एका अमेरिकन संस्थेने २०२३ साली पाहणी केली. २०१० पूर्वी अमेरिकेत निघालेल्या खेळांपैकी सुमारे ८७ टक्के खेळ आता बाजारात मिळत नाहीत, असे तीत आढळले. जी कथा पुढच्या पिढीच्या हाती पडतच नाही, ती कितीही चांगली असली, तरी अभिजात कशी ठरावी? आपले उत्तम खेळ जपून ठेवणे, हे या कलेपुढील मोठेच आव्हान आहे.

मात्र एवढे लक्षात ठेवावयास हवे, की कादंबरीलाही एके काळी लोक हलके समजत. कादंबऱ्या वाचून मुले बिघडतात, असा समज आपल्याकडेही होता. कोणतीही कला जन्मतःच थोर नसते. थोर मनाची माणसे तिला हाती धरतात, तेव्हा ती थोर होते. व्हिडिओ खेळांची कथा जेमतेम पन्नास वर्षांची आहे. ग्रंथांच्या मानाने ते अजून रांगणारे मूल होय.

म्हणून खेळ की ग्रंथ, असा तंटा करण्यापेक्षा प्रत्येक कथेला, मग ती पानावर असो वा पडद्यावर, एक प्रश्न विचारावा. ती संपल्यानंतर मनात काय उरले? केवळ बोटांचा शीण उरला, तर वेळ व्यर्थ गेला. एखाद्या परक्या माणसाचे दुःख समजले किंवा स्वतःच्या स्वभावातील एखादा अंधारा कोपरा दिसला, तर ती कथा ऐकलेली असो, वाचलेली असो वा खेळलेली असो, तिने आपले काम केले.

धर्मराजाचा रथ आजही प्रत्येक कीर्तनात त्याच क्षणी खाली टेकतो. श्रोता तो वर उचलू शकत नाही. परंतु कथा ऐकून घरी परतल्यावर, आपल्याला कोणी काही विचारले, तर पूर्ण सत्य सांगावे की अर्धे, हे ठरविण्याची वेळ त्याच्यावरही येते. तेथे कथेकरी नसतो, संगणकही नसतो. तो निर्णय ज्याचा त्यालाच घ्यावा लागतो, आणि त्यासाठी मन तयार करणे हेच सर्व चांगल्या कथांचे काम होय.